‘पोचलो, जेवलो’च्या पुढे

ट्रेकहून परतणाऱ्याच्या फोनमध्ये एकाच रविवारच्या दोन हकिकती सापडतात. इन्स्टाग्रामवर कड्याच्या टोकाला पसरलेले हात, खाली ढग आणि सह्याद्रीच्या नावाने एखादा घोष. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ‘पोचलो’, ‘जेवलो’, ‘रात्री उशीर होईल, झोपा’ एवढेच. मधल्या वेळात वाट चुकलेली असते, कोणाचा तरी पाय मुरगळलेला असतो, पाणी दुपारीच संपलेले असते. ते दोन्हीकडे येत नाही. थरार अनोळखी माणसांना मिळतो, खुशाली घरच्यांना मिळते आणि घडले काय ते बरोबरच्या चौघांतच राहते. पुढच्या ट्रेकपर्यंत तेही विसरून जातात. माझ्या मते ही वाटणी उलटी झाली आहे. डोंगरातली आणि लांबच्या प्रवासातली हकीकत, अडचणींसकट, आधी घरच्यांना सांगायला हवी; निघण्यापूर्वी आणि परत आल्यावरही. बाहेरच्या जगाला थोडे कमी कळले तर त्याचे काही अडत नाही. घरच्यांचे अडते. हे केवळ मायेपोटी म्हणत नाही, त्यामागे साधा व्यवहार आहे.

हरिश्चंद्रगडाचेच पाहू, कारण महाराष्ट्रात ट्रेक करणारा बहुतेक प्रत्येक जण कधी ना कधी तिथे जातो. पाचनईकडून चढले तर नवखा माणूसही, धापा टाकत का होईना, दोन-तीन तासांत गडावरच्या देवळापाशी पोचतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून गेले तर चाल बरीच लांबते आणि खिंडीच्या वर कातळाचा टप्पा लागतो. तिथे आता रेलिंग आहे, पण पावसात शेवाळलेल्या दगडावर ते घट्ट धरूनच सरकावे लागते. आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जायचे तर अख्खा दिवस मोडतो: मोठाल्या धोंड्यांतून वर चढत जाणारी घळ, पायाखालून निसटणारा घसारा, मधेच उभे कातळटप्पे, जिथे जाणते गट दोर लावल्याशिवाय नवख्याला पुढे सोडत नाहीत. तिन्ही वाटा शेवटी गडाच्या त्याच कोकणकड्यावर आणतात आणि फोटोही तोच येतो. पाहणाऱ्याला त्यातून वाटेचा पत्ता लागत नाही. आईला वाटते, गेल्या वर्षी गेला होता तिथेच पुन्हा गेलाय. ‘हरिश्चंद्रगडला चाललोय’ हे वाक्य शंभर टक्के खरे असते आणि तरी त्यातून काहीही सांगितलेले नसते. ‘बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढणार, पाचनईला उतरणार, वर एक मुक्काम’ हे सांगितले तर घरच्यांना काही कळले.

या माहितीचे मोल कधी कळते हे वेगळे सांगायला नको. डोंगरात कोणी अडकले तर आपल्याकडे धावून जातात ते बहुतांशी पायथ्याचे गावकरी आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, आपापल्या नोकऱ्या-धंदे सोडून. त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: कोणत्या गावातून चढले, किती जण आहेत, बरोबर वाटाड्या आहे का, उतरायचे कुठे ठरले होते, शेवटचा फोन किती वाजता आला. यातले एकही उत्तर रीलमध्ये नसते. ‘लाइव्ह लोकेशन चालू आहे की’ असे हल्ली ऐकू येते. पण घळीत आणि कड्याच्या पोटात रेंज जाते, दिवसभर व्हिडिओ काढून बॅटरी उतरलेली असते, आणि पडद्यावरचा ठिपका दुपारी दोनला जिथे थांबला तिथेच रात्री दहालाही दिसतो. माणूस थांबलाय की नुसता फोन, हे घरी बसून ओळखता येत नाही. त्यापेक्षा फ्रिजच्या दारावर चिकटवलेला कागद बरा. त्यावर पायथ्याचे गाव, चढायची-उतरायची वाट, बरोबरच्या दोघांचे आणि वाटाड्याचे नंबर, आणि खाली एक ओळ: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर यांना कळवा. नेमकी हीच ओळ लिहायला लोक कचरतात. ती लिहिली की काही होऊ शकते हे कबूल करावे लागते, आणि घरात तेवढी एक गोष्ट बोलायची नसते.

हिमालयात या लपवाछपवीचा हिशेब शरीर चुकता करते. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या तरुणालाही. म्हणूनच 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा दंडक आहे. डोके दुखणे, मळमळणे, झोप उडणे या सुरुवातीच्या खुणा. त्या दाबून माणूस वर चढत राहिला तर फुप्फुसांत पाणी साचू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते, आणि मग विनाविलंब खाली उतरवणे हाच खात्रीचा उपाय उरतो. तरीही लीडरपासून डोकेदुखी लपवणारे असतातच. सांगितले तर खाली पाठवतील, भरलेले पैसे आणि साठवलेली रजा पाण्यात जाईल. घरी लपवणे ही त्याच सवयीची पुढची पायरी. ज्याला एकदा उंचीमुळे फुप्फुसांत पाणी झाले, त्याला पुन्हा उंचावर तोच त्रास होण्याची शक्यता इतरांहून जास्त असते. समजा, असा एखादा ऑक्सिजन लावून खाली आणला गेला आणि घरी म्हणाला, ‘हवामान बिघडलं, म्हणून परतलो.’ दोन वर्षांनी तो पुन्हा नाव नोंदवणार आणि वैद्यकीय फॉर्मवर पूर्वीच्या त्रासाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिणार. संस्था नवी, लीडर नवा. ‘अरे, मागच्या वेळी काय झालं होतं ते डॉक्टरांना सांगितलंस का?’ हे विचारू शकणारी माणसे घरचीच, आणि त्यांना मागच्या वेळी काही झाले होते हेच ठाऊक नसते.

प्रवासाची हकीकत जवळच्यांपुढे ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. काशीयात्रा करून आलेला माणूस मावंदे घालायचा. गंगापूजन व्हायचे, सगेसोयरे आणि शेजारीपाजारी जेवायचे, तीर्थ घ्यायचे; अशा दिवशी वाटेतल्या गोष्टी निघणे ओघानेच आले. नर्मदा परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीत अंगावरच्या कपड्यांपर्यंत सगळे काढून घेतले जाई, हे परिक्रमेला निघणाऱ्याला आधीच माहीत असे. तसा फलक काही तिथे लावलेला नव्हता. जाऊन आलेल्यांनी न लाजता सांगितले होते, म्हणून पुढचे लोक जवळ फारसे काही न ठेवता, मनाची तयारी करून झाडीत शिरत. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरच्या कर्जापायी 1857 साली काकांबरोबर उत्तरेला गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ आजही वाचावेसे वाटते, ते त्यात शौर्याचा आव नाही म्हणून. भीती, लूट, उपासमार, जीव मुठीत धरून लपणे हे सगळे हा भिक्षुक सरळ सांगून टाकतो. ते पुस्तक छापले गेले 1907 साली, पन्नास वर्षांनी, आणि तेही संपादक चिंतामणराव वैद्यांनी फेरफार केल्यावर. इंग्रजी राज्यात जे उघड छापणे अवघड होते, ते वरसईच्या ओसरीवर त्याच्या कितीतरी आधी बोलले गेले असणार.

जाहीर हकीकत किती घासूनपुसून बाहेर येते, हे पाहायचे तर अन्नपूर्णेची मोहीम पाहावी. 3 जून 1950 रोजी मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. माणसाने चढलेले आठ हजार मीटरवरचे ते पहिले शिखर. निघण्यापूर्वीच मोहिमेतल्या सदस्यांकडून लिहून घेतले होते की पाच वर्षे कोणी काही प्रसिद्ध करायचे नाही. सांगण्याचा हक्क नेत्याचा, म्हणजे एर्झोगचा. त्याचे पुस्तक 1951 मध्ये आले आणि जगभर लाखोंनी खपले. देशाचा मान, त्याग, अत्यानंद हा त्याचा सूर. लाशनालच्या टिपणांत दुसरी बाजू होती. पाय गोठत चालल्याचे त्याला कळत होते, हे शिखर म्हणजे राष्ट्रकार्य वगैरे त्याला वाटत नव्हते. पण साथीदार एकटा पुढे गेला असता तर परतला नसता, म्हणून तो बरोबर गेला. पायांची बोटे त्याने गमावली. 1955 मध्ये तो आल्प्समध्ये हिमभेगेत पडून गेला आणि पुढच्या वर्षी त्याची टिपणे छापली तेव्हा संपादन करणाऱ्या एर्झोगच्या भावाने अडचणीचा मजकूर गाळला. तो पूर्ण छापून यायला 1996 उजाडावे लागले. परत फिरावे की पुढे जावे हा डोंगरातला सगळ्यात कठीण निर्णय, आणि त्याबद्दलची एका कसलेल्या गाइडची साक्ष चाळीस वर्षे गाळीव राहिली. आपल्याकडून असा करार कोणी करून घेत नाही. तरीही आपण मंडळी आपल्या छोट्या ट्रेकचे संपादन त्याच हाताने करतो.

यावरचा पहिला आक्षेप घरोघरी ठाऊक असलेला आहे: खरे सांगितले तर जाऊच देणार नाहीत. तो खोटा नाही. मुलग्याला एकदा बोलणी बसतात आणि प्रकरण मिटते. मुलीचा मात्र पुढचा प्रत्येक ट्रेक बंद होऊ शकतो. कमावत्या, तिशीतल्या मुलीलाही ‘मैत्रिणीच्या लग्नाला जातेय’ असे सांगून राजगडाला जावे लागते, तेव्हा तिला खरेपणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण म्हणून कोणालाच काही ठाऊक नसणे हा तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा पर्याय आहे. भाऊ, मावशी, खोलीवरची मैत्रीण, यांच्यापैकी एकाला तरी तो फ्रिजवरचा कागद मिळायला हवा. घर म्हणजे आईवडीलच असे कुठे आहे? आणि आईवडिलांनीही एवढे ध्यानात घ्यावे की वाट चुकल्याचे सांगणाऱ्या मुलीचा ट्रेक बंद केला तर ती जायची थांबत नाही, सांगायची थांबते. काळजीने रक्तदाब वाढतो, हा त्याच आक्षेपाचा सौम्य अवतार. जॉर्ज मॅलरीने 1924 मध्ये एव्हरेस्टहून पत्नी रूथला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात यशाची शक्यता पन्नासात एक असल्याचे सरळ कळवले होते. तेवढ्याने त्याचा जीव वाचला नाही, हे खरे. सांगितल्याने कडा कमी उभा होत नाही. पण धोका त्याने रूथपासून लपवला नाही. आपला नवरा कशाला सामोरा जातोय हे तिला ठाऊक होते. काळजीचा तेवढा हक्क माणसाला द्यायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप असा की जगाला सांगितल्यामुळेच तर नवी पिढी डोंगरात आली, पायथ्याच्या गावांत जेवणाखाणाचा, मुक्कामाचा धंदा उभा राहिला. मान्य. आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकाने कितीतरी जणांना सह्याद्री उलगडून दाखवला, तोही जगाला सांगण्याचाच प्रकार होता. पण तिथे वाटा आणि घाट होते, डोंगररांगा होत्या. लेखकाची छाती फुगवलेली नव्हती. कोणते टाके मार्चमध्ये आटते, कुठे आग्या मोहोळ आहे, कोणता कातळटप्पा पावसात टाळावा, हे जितके जाहीर होईल तितके चांगले. अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून दर वर्षी डोंगरातल्या अपघातांचा अहवालच छापतो: काय घडले, का घडले, काय करता आले असते. असे जाहीर सांगणे आणखी व्हावे. माझा रोख केवळ थरार जाहीर करण्यावर आहे. त्यातून पाहणाऱ्याला ठिकाण कळते आणि कठीणपणा कळत नाही. मग पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर जमावबंदीचे आदेश काढण्याची पाळी प्रशासनावर येते, आणि त्यात जबाबदारीने जाणारेही भरडले जातात.

ट्रेक नेणाऱ्या संस्थांकडे यातली एक किल्ली आहे आणि ती त्या वापरत नाहीत. आज घरच्यांना धोक्याची जाणीव होते ती फक्त संमतीपत्रातून. बारीक टायपातल्या सात-आठ कलमांत ‘इजा अथवा मृत्यू झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे लिहिलेले असते, आणि बाबा निघायच्या आदल्या रात्री, बातम्या बघता बघता, त्यावर सही करतात. हा कागद संस्थेला वाचवायला आहे. त्याच्याबरोबर घरी ठेवायचे एक पान द्यायला काय लागते? वाट, अवघड टप्पे, माघार कुठून घेता येईल, परतायची वेळ, दोन नंबर. आणि परतल्यावर आठवड्याभरात एक बैठक, घरच्यांना बोलावून, चहावर. फोटो नंतर, आधी काय चुकले, कोणाला त्रास झाला, कुठे थांबायला हवे होते. काही जुने क्लब आपसांत असे बसतातही, पण घरची माणसे त्या खोलीत नसतात. यावर आयोजक म्हणतील की इतके स्पष्ट बोललो तर पुढच्या ट्रेकला नावे कमी येतील. येतील कमी. जुलैतल्या एखाद्या शनिवारी हरिहर गडाच्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर खोळंबलेले ज्याने पाहिले आहेत, तो त्याबद्दल तक्रार करणार नाही.