बाटलीवरचे वय आणि भाषांतरकाराची टीप

एडगर ॲलन पो यांची 'द कास्क ऑफ अमोंतियादो' ही १८४६ सालची कथा आम्ही दोघे भाषांतराच्या पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षे शिकवत आलो आहोत. कथेचे मराठी भाषांतर करवून घेताना शीर्षकातल्या शेवटच्या शब्दाला तळटीप द्यावी लागते. ती आम्हीच सांगत असू: 'एक प्रकारचे उंची मद्य'. कित्येक तुकड्यांनी ही टीप निमूटपणे उतरवून घेतली. मागील वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एक प्रकारचे म्हणजे कोणत्या प्रकारचे? शेरीहून वेगळे की शेरीच? कारण अमोंतियादो आणि शेरी यांतला फरक कळत नाही म्हणून फोर्तुनातो दुसऱ्या एका जाणकाराला हिणवतो." आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या शब्दाच्या आमिषाने कथेतला एक माणूस तळघरात जातो आणि जिवंत चिणला जातो, त्या शब्दाचा अर्थ आम्ही इतकी वर्षे पाहिलाच नव्हता.

पाहिल्यावर लक्षात आले ते असे की अमोंतियादो ही शेरीच असते. म्हणजे फोर्तुनातोचे हिणवणे 'त्याला हापूस आणि आंबा यांतला फरक कळत नाही' या जातीचे आहे. ते दोन प्रकारे वाचता येते. शेरी हा शब्द तो साध्या, बाजारी मालासाठी वापरत असेल, तर त्याचे बोलणे एखाद्या रसिकाच्या नाकझाडेपणाचे आहे. पण त्याला शब्दाचा अर्थच ठाऊक नसेल, तर ज्या जाणकारीच्या अहंकारापायी तो मरतो ती जाणकारीच पोकळ ठरते. दोन्ही वाचने शक्य आहेत आणि कथेची धार या संदिग्धतेत आहे. आमच्या 'उंची मद्या'ने ती बोथट केली होती.

या एका शब्दापासून आम्ही फॉर्टिफाइड वाइनच्या लेबलांवरील परिभाषेकडे वळलो. आमच्यापैकी एकाला मद्य वर्ज्य आहे आणि दुसऱ्याचा अनुभव फार नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आम्ही येथे चव सांगत नसून शब्दांचे वाचन करीत आहोत. फॉर्टिफाइड म्हणजे द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क मिसळून बळकट केलेली वाइन. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली पोर्ट आंबत असतानाच तीत हा मद्यार्क घालतात. आंबणे तिथे थांबते आणि द्राक्षांची गोडी शिल्लक राहते. स्पेनच्या हेरेस परिसरातली शेरी आंबून कोरडी झाल्यावर बळकट करतात. पुढे सुरू होते ते पिंपातले मुरणे. या क्रियेला 'परिपक्वन' असा शब्द आमच्या टिपणांत होता, तो आम्ही खोडला. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, राजकारणीही मुरलेला असतो. काळ जातो आणि त्या काळाने वस्तू बदलते, हे दोन्ही अर्थ या क्रियापदात आहेत. नुसते 'जुने होणे' यात दुसरा अर्थ नाही.

पोर्टच्या बाटलीवर '२० वर्षे' असे छापलेले असते तेव्हा आत बरोबर वीस वर्षांची वाइन आहे, असे कोणीही समजेल. प्रत्यक्षात ती निरनिराळ्या वयांच्या वाइनचे मिश्रण असते. वीस वर्षे लाकडात मुरलेल्या टॉनी पोर्टचे जे गुण अपेक्षित आहेत ते या मिश्रणात उतरले आहेत की नाही, हे नियामक संस्थेचे परीक्षक चाखून ठरवतात. १०, २०, ३०, ४० हे जुने टप्पे. २०२२ साली त्यांत ५० ची भर पडली आणि ऐंशीच्या पुढच्यांसाठी 'व्हेरी व्हेरी ओल्ड' असा वर्ग आला. म्हणजे हा आकडा गणिताचा नाही. वय नव्हे, वयाला साजेसेपण असा त्याचा अर्थ. आकड्याच्या रूपात छापलेले हे रसग्रहणच आहे. तेही असे, की एका संस्थेने त्याची जबाबदारी घेतलेली आहे. 'अभिजात', 'कालजयी', 'महत्त्वाची कादंबरी' ही विशेषणे आपण परीक्षणांत आणि मलपृष्ठांवर वापरतो, त्यांची जबाबदारी कोण घेतो?

साल छापलेले असते तेव्हा अर्थ आणखी बदलतो. 'व्हिंटेज' पोर्ट एकाच सालच्या द्राक्षांची, पण पिंपात ती दोन-तीन वर्षेच राहते. तिचे खरे मुरणे बाटलीत, विकत घेणाऱ्याच्या घरी व्हायचे असते. 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान बाटलीत भरतात. 'कोल्येता' हीदेखील एका सालचीच, परंतु किमान सात वर्षे लाकडात मुरलेली. तिच्या लेबलावर दोन साले असतात: एक सुगीचे, दुसरे बाटलीबंद केल्याचे. पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या दोन नोंदी वेगळ्या ठेवण्यासाठी आपण ग्रंथसूचीच्या वर्गात किती आटापिटा करतो! एकाच सालच्या दोन बाटल्या, एक व्हिंटेज व दुसरी कोल्येता, यांचे आयुष्य सर्वस्वी वेगळ्या रीतीने गेलेले असते. भाषांतरकाराने दोन्हींना 'जुनी पोर्ट' म्हटले तर तो दोन्हींविषयी खोटे बोलतो.

लेबलाची ही भाषा सर्वत्र इतकी प्रामाणिक आहे असा मात्र आमचा दावा नाही. टॉनी म्हणजे पिंगट. लाकडात राहून लाल रंग उतरत जातो, म्हणून हे नाव. पण आकडा नसलेली साधी टॉनी पुष्कळदा रुबी या तांबड्या पोर्टइतकीच तरुण असते. तिचा फिका रंग वयाने आलेला नसून मुळातच कमी रंग काढल्याने आलेला असतो. शब्द वयाची सूचना देतो आणि वय देत नाही. ही आमच्या मते चलाखीच आहे, मग ती नियमात बसणारी का असेना.

शेरीचे वय सांगणे तर याहून कठीण. तिथे 'सोलेरा' नावाची व्यवस्था आहे. पिंपांच्या रांगा असतात. जमिनीलगतच्या, सर्वांत जुन्या रांगेतून थोडी वाइन बाटल्यांसाठी काढतात, तिची जागा वरच्या रांगेतल्या वाइनने भरतात, तिची त्याच्याही वरच्या रांगेतल्या, आणि सर्वांत तरुण रांगेत नवी वाइन ओततात. पिंप कधीच पूर्ण रिकामे होत नाही. घरातल्या विरजणाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे, जरी उपमा पूर्ण जुळत नाही. आम्हाला अधिक जवळची वाटली ती जात्यावरची ओवी. आजीने गायलेली ओवी नात गाते, एखादा शब्द तिचा स्वतःचा पडतो. त्या ओवीचे वय किती म्हणायचे? सरासरीच काढावी लागेल, आणि शेरीवाले तेच करतात. काही प्रसिद्ध बाटल्यांवर एकोणिसाव्या शतकातले साल दिसते, ते सोलेरा सुरू केल्याचे. आतली वाइन त्या सालची, असे समजणारा फसला.

हा गोंधळ काही अंशी दूर करण्यासाठी २००० साली शेरीच्या नियामक मंडळाने दोन वर्ग प्रमाणित केले: सरासरी वीस वर्षांहून जुन्या शेरीसाठी 'व्ही.ओ.एस.' आणि तिसांहून जुन्यांसाठी 'व्ही.ओ.आर.एस.'. परीक्षकांच्या जिभेबरोबर कार्बन-१४ चाचणीचाही आधार घेतला जातो. वीसच्या वर्गात एक लिटर काढायची तर सोलेरात किमान वीस लिटर मागे राहिली पाहिजे. यातली भाषिक गंमत अशी की 'व्ही.ओ.एस.' ही अक्षरे इंग्रजीत 'व्हेरी ओल्ड शेरी' आणि लॅटिनमध्ये 'विनुम ओप्तिमुम सिग्नातुम' अशी एकाच वेळी वाचायची आहेत. इंग्रजी वय सांगते. लॅटिन उत्तमपणावर शिक्कामोर्तब करते. 'जुने ते उत्तम' हे समीकरण तीन अक्षरांत बेमालूम लपवले आहे. त्याचे भाषांतर कसे करायचे, हा प्रश्न आम्ही या वर्षी वर्गात टाकला आणि तास संपेपर्यंत सुटला नाही.

आमचे एक सहकारी म्हणतात, साहित्याच्या वर्गात बाटल्या कशाला हव्यात? मराठीत दारू, मद्य, मदिरा, वारुणी असे हवे तेवढे शब्द आहेत, त्यांतला एक घ्यावा. पण हे सारे शब्द सामाजिक दर्जा सांगतात. पदार्थ कसा झाला हे त्यांतला एकही सांगत नाही. असे सांगणारे शब्द आपल्याकडे नाहीत असेही नव्हे. औषधांच्या दुकानात द्राक्षासवाची बाटली मिळते, दशमूलारिष्टाची मिळते. आसव म्हणजे काढा न करता आंबवलेले, अरिष्ट म्हणजे काढा करून आंबवलेले. वैद्यकाने जपलेला हा काटेकोरपणा साहित्याने सोडून दिला. उलट गोव्यात गोड, तांबड्या स्थानिक वाइनला सर्रास 'पोर्ट' म्हणतात. वसाहतीबरोबर आलेला तो शब्द तिथे दोउरोचे कोणतेही वचन न पाळता नांदतो. गोव्यातल्या कथेत 'पोर्ट' आली तर टीप वेगळी हवी, लिस्बनमधल्या कथेत आली तर वेगळी.

आमची दुरुस्त केलेली टीप अशी आहे: 'अमोंतियादो: शेरीचाच एक प्रकार. आरंभी पिंपात यीस्टच्या सायीखाली, हवेपासून झाकून मुरते. पुढे ती साय नाहीशी झाल्यावर हवेच्या संपर्कात मुरून पिवळसर तपकिरी होते. नाव मोंतिया या गावावरून.' झाकलेपणात आणि मग उघड्यावर अशी दोन आयुष्ये असलेली ही वाइन भिंतीआड चिणण्याच्या कथेच्या केंद्रस्थानी आहे. त्यातून कोणी काय काढायचे ते काढो, आम्ही टिपेत लिहिणार नाही. टीप लांब झाली आहे, प्रकाशक ती कापायला सांगतील. कथेतल्या 'पाइप' या मापाची टीप अजून व्हायची आहे. सुमारे पाचशे लिटरच्या त्या भल्यामोठ्या पिंपाला गेल्या परीक्षेत एका उत्तरपत्रिकेत 'अमोंतियादोची चिलीम' म्हटले होते, आणि आम्ही त्याचे गुण कापले नव्हते.