पायलट की मेकॅनिक? लॉगमध्ये राहून गेलेली गोष्ट

विमान अपघात झाला की दोन तासांत व्हॉट्सॲपवर निकाल लागतो: चूक पायलटची, नाहीतर मेकॅनिकची. पण बऱ्याचदा गडबड या दोघांच्या मध्ये असते, म्हणजे टेक्निकल लॉगमध्ये. उड्डाणात काय बिघडलं ते पायलट त्यात लिहितो, मेकॅनिक दुरुस्ती करून सही करतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा बग रिपोर्टच.

इंडोनेशियाच्या लायन एअरची केस बघा. 28 ऑक्टोबर 2018 ला बालीतल्या देनपसारमध्ये एका बोइंग 737 मॅक्सचा सेन्सर बदलला. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन किती, हे तो मोजतो. नवा बसवलेला सेन्सर मुळात जुनाच, दुरुस्त केलेला होता आणि तब्बल 21 अंशांनी चुकत होता. बसवल्यावर चाचणी नीट झाली, याचा पुरावा तपासात मिळाला नाही.

त्याच रात्री जकार्ताला जाताना कंट्रोल कॉलम थरथरू लागला, विमान आपोआप नाक खाली करू लागलं. पायलटांनी ऑटोमॅटिक ट्रिम बंद केला आणि विमान सुखरूप उतरवलं. लॉगमध्ये मात्र एवढंच लिहिलं: वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, एक दिवा लागला. थरथर, ट्रिम बंद केला, हे राहूनच गेलं.

मेकॅनिकने जे लिहिलं होतं त्यावर काम केलं. हवेच्या दाबाच्या नळ्या साफ केल्या, कनेक्टर पुसला, जमिनीवर चाचणी पास. 29 ला सकाळी दुसऱ्या पायलटांनी तेच विमान उडवलं. ते जावा समुद्रात कोसळलं. 189 जण गेले.

मग दोष कोणाचा? दोघांचाच नाही. एमकॅस हे सॉफ्टवेअर एकाच सेन्सरवर विसंबून होतं आणि पायलटांच्या मॅन्युअलमध्ये त्याची माहितीच नव्हती. दोन सेन्सरमध्ये फरक असल्याचा इशाराही या विमानात चालू नव्हता. तो दिसला असता, तर पायलटने लिहिला असता आणि मेकॅनिकला नेमका धागा मिळाला असता.

पायलट म्हणतो, 'तपासलं, ओके' एवढंच उत्तर येतं. मेकॅनिक म्हणतो, अर्धवट लिहून देतात. मला दोन्ही तक्रारी ओळखीच्या वाटतात. 'ॲप चालत नाही' असा रिपोर्ट आला की मीही 'माझ्याकडे चालतंय' म्हणून तो बंद केलाय. फरक इतकाच, की माझ्या ॲपमध्ये कोणी बसलेलं नसतं.