बेकरीचा धूर थांबवा, पण सगळा खर्च बेकरीवाल्यावर नको

मुंबईत पावसाळा संपला की हवेची चर्चा सुरू होते. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. नोव्हेंबरपासून वारा मंदावतो, पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि दिवसभराच्या धूर-धुळीला वर जायला वाटच मिळत नाही. आपल्याकडे समुद्र आहे, दिल्लीसारखा त्रास इथे होणार नाही, अशी मुंबईकरांची जुनी समजूत होती. गेल्या काही हिवाळ्यांनी ती मोडून काढली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने महत्त्वाचा आदेश दिला. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यावेत आणि यापुढे लाकूड-कोळशाच्या नव्या भट्ट्यांना परवानगी देऊ नये, असे न्यायालयाने सांगितले. मुंबईच्या बेकरीधंद्यात मुस्लिम आणि इराणी कुटुंबे पिढ्यानपिढ्या आहेत. त्यामुळे हा आदेश आला तेव्हा अनेक मोहल्ल्यांतून एकच सवाल ऐकू आला : "सगळं शहर खोदून ठेवलंय, मग आमच्याच भट्टीचा धूर का दिसतो?"

सवाल रास्त आहे, पण त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग कडू आहे. भट्टीचा धूर खरा आहे आणि तो घातक आहे. बऱ्याच बेकऱ्यांत सरळ लाकूड जळत नाही. स्वस्त पडते म्हणून जुन्या फर्निचरचे, प्लायवूडचे तुकडे जातात. त्यावरचा रंग, पॉलिश, गोंद हे सगळे धुरात उतरते. या धुरातले सर्वात वाईट कण म्हणजे पीएम २.५. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढा हा कण नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसात आणि तिथून रक्तात जातो. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. भारताच्या मानकानुसार हवेत याचे वार्षिक प्रमाण दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा अवघी ५ ठेवली. आणि हा धूर सर्वात आधी कोण खातो? रात्रभर भट्टीसमोर उभा राहणारा कारागीर, आणि वरच्या माळ्यावर खिडकी लावून झोपणारे कुटुंब. म्हणजे आपलीच माणसे. म्हणून "आमच्यावरच का" म्हणून भट्टी तशीच चालू ठेवणे हा मार्ग नाही.

दुसरा भाग सरकारने ऐकायला हवा. भट्टी बदलणे म्हणजे फक्त चूल बदलणे नाही. जुन्या गल्लीत पाइप गॅस पोहोचलेला नसतो. विजेचा ओव्हन लावायचा तर जादा भाराचे कनेक्शन आणि जागा दोन्ही लागतात. पाव ही गरिबाची भाकरी आहे. त्याचा भाव एक-दोन रुपयांनी वाढला तरी वडापाव, मिसळ, खिमा-पाव सगळ्यावर परिणाम होतो. छोटी बेकरी बंद पडली तर दहा-बारा कारागिरांची कामे जातात.

अशा वेळी काय करता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर स्थलांतर करा, असे सांगितले. याच पट्ट्यात बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले फिरोजाबाद येते. तिथल्या काचेच्या भट्ट्यांना गेल या सरकारी कंपनीने पाइपने गॅस दिला आणि तोही सवलतीच्या दरात. कोळसा गेला, बांगडी राहिली. हुकूम आणि मदत दोन्ही सोबत आले तेव्हा धंदा टिकला.

मुंबईतही याच मार्गाने जायला हवे. गॅसची लाइन आधी जुन्या वस्त्यांत टाका, जोडणीचा खर्च हप्त्यांत घ्या, आणि ज्याने खरोखर अर्ज केला आहे त्याला लाइन येईपर्यंत मुदत द्या. बेकरीमालकांनीही हातावर हात ठेवून बसू नये. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत चालते. मुदत आणि अटी तपासून लगेच अर्ज करावा.

आता धुळीकडे येऊ. फक्त बेकऱ्या बदलून मुंबईची हवा स्वच्छ होणार नाही. रस्त्यांची धूळ, बांधकामे, सिमेंट काँक्रीटचे प्लांट, डिझेलच्या गाड्या, कारखाने आणि उघड्यावर जळणारा कचरा हे मोठे हिस्सेदार आहेत. दिल्लीने हा धडा शिकवला आहे. १९९८ च्या आदेशानंतर २००२ पर्यंत तिथल्या शहर बसगाड्या सीएनजीवर गेल्या. हवा सुधारली, पण नंतर खासगी गाड्या बेसुमार वाढल्या आणि कमावलेले गमावले.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले : उंच इमारतींभोवती ३५ फूट उंच पत्रा, सतत पाण्याचा फवारा, झाकलेले ट्रक, चाके धुऊनच गाडी बाहेर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व भागातील बांधकामे काही काळ थांबवलीही गेली. म्हणजे ताकद आहे. सवाल सातत्याचा आहे. बेकरीला तारीख दिली जाते, तशीच तारीख आणि तसाच दंड बिल्डरलाही हवा.

आणि काही वस्त्या अशा आहेत जिथे शहराचा सगळाच धूर जमा होतो. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. जवळच गोवंडीत रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प होता. तिथल्या रहिवासी संघटनेने जनहित याचिका केली आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवायला सांगितले. गरीब वस्तीने कागदपत्रे जमवून लढा दिला तर ऐकले जाते, हे यातून दिसले. अर्थात चिमणी गोवंडीतून उचलून रायगडमध्ये नेली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. तिथेही लेकरे आहेत.

मुंबईबाहेरही हेच. भिवंडी, मालेगावात सायझिंगच्या बॉयलरमध्ये प्लास्टिक आणि चिंध्या जाळल्याच्या तक्रारी येतच असतात. तिथेही मालक आपला, मजूर आपला आणि खोकणारे मूलही आपलेच.

मोहल्ला कमिट्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. एक, कोपऱ्यावर कचरा जाळणे बंद करावे. २०१६ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळण्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड आहे. दोन, शादी-दावतीची देग लाकडाऐवजी गॅसवर चढवावी. तीन, धूळ उडवणारे बांधकाम किंवा काळा धूर सोडणारी चिमणी दिसली की तारीख-वेळेसह फोटो काढून वॉर्ड ऑफिस आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर 'समीर' ॲपवर हवेचा आकडा बघावा. तो २०० च्या वर असेल त्या दिवशी पहाटेचे फिरणे टाळावे आणि बाहेर जाताना एन-९५ मास्क लावावा. घरात धूप, लोबान जाळताना खिडकी उघडी ठेवावी.

आपली भट्टी आपण बदलली, तर बिल्डर, कारखानदार आणि पालिकेला "आता तुमचं काय?" असे विचारण्याचा हक्क आणखी पक्का होतो. आणि ते विचारायलाच हवे, कारण हवा कुणाच्या गल्लीपुरती थांबत नाही.