आईचा एक ठोसा, बाळाचा दुसरा

रविवारी दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. चेहरा उतरलेला. त्यांच्या सोसायटीतल्या आठ मुलांनी सुट्टीत पोकेमॉनची स्पर्धा लावली आहे. मेगा रूपं हवीत म्हणून नियम मुद्दाम सहाव्या पिढीचे घेतलेत.

"मामा, कँगासखानवर बंदी घालायची की नाही? तू सांग. आमचं भांडण झालंय."

मी म्हटलं, आधी मॅच दाखव. त्यानं रिप्ले लावला.

कँगासखान म्हणजे पोटाच्या पिशवीत बाळ घेऊन फिरणारी आई. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’ हे सहाव्या पिढीचे गेम आले आणि तिला मेगा रूप मिळालं. या रूपात बाळ पिशवीतून बाहेर येतं आणि आईनं मारलं की पाठोपाठ तेही मारतं, तिच्या निम्म्या जोरानं. म्हणजे प्रत्येक फटका दीडपट. इतकंच असतं तर चाललं असतं. पण ‘पॉवर-अप पंच’ नावाची एक मूव्ह आहे. ठोसा लागला की मारणाऱ्याची ताकद एक पायरी वाढते. इथं ठोसे दोन, म्हणून पायऱ्याही दोन. एका टर्नमध्ये ताकद दुप्पट, वर समोरच्याला मारही बसलेला.

दुसऱ्या पोकेमॉनला हीच दुप्पट ताकद हवी असेल तर ‘स्वोर्ड्स डान्स’ करावा लागतो. त्यात अख्खी टर्न जाते, आणि तेवढ्यात समोरच्यानं काय करायचं ते करून घेतलेलं असतं. या खेळात टर्न हेच चलन आहे. ज्याला त्याला ते मोजावं लागतं, ही आई मात्र मोजत नाही. रिप्लेमध्ये भाच्याचे सहापैकी चार गडी तिनं एकटीनं घेतले. फोकस सॅश बांधून एका फटक्यात न मरण्याची सोय केलेला गडीही गेला, कारण आईच्या फटक्यातून तो वाचला आणि बाळाच्या फटक्यानं पडला.

"पण तिला उत्तर आहे," असं भाच्याचा मित्र म्हणतो, आणि ते खरं आहे. रॉकी हेल्मेट घातलेला गार्चॉम्प पुढे केला, तर दोन फटके मारणाऱ्याला दोनदा इजा होते. माझं म्हणणं एवढंच, की उत्तर आहे का याबरोबरच त्या उत्तराची किंमत किती हेही विचारायला हवं. सहाच्या संघात दोन जागा एकाच गड्याच्या धास्तीनं अडकल्या, तर उरल्या चार. आठही मुलांच्या त्या दोन जागा सारख्याच, आणि कँगासखानही सगळ्यांच्या संघात असणारच, म्हणजे निवडायला उरल्या तीन. शेकडो प्राण्यांचा खेळ अशानं डझनावर येतो. माझ्या मते बंदीची कसोटी हीच. गडी किती बलवान आहे हे दुय्यम. त्याच्यामुळे बाकीच्यांची निवड किती आक्रसली, हे पाहावं.

या मताविरुद्धचा सगळ्यात जोरदार पुरावाही मला प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. निन्टेंडोच्या गेमवर होणाऱ्या अधिकृत जागतिक स्पर्धेत मेगा कँगासखानवर बंदी नव्हती. २०१४ साली वॉशिंग्टनला कोरियाच्या से जुन पार्कनं ती स्पर्धा जिंकली, आणि त्याच्या संघात होता पाचिरिसू, एक इवलीशी विजेची खार. तिच्या सहा गुणांची बेरीज ४०५, मेगा कँगासखानची ५९०. ‘फॉलो मी’ म्हणत ती खार शत्रूचे वार स्वतःवर घ्यायची आणि शेजारच्या ग्याराडोसला मोकळं रान मिळायचं. हे आठवलं की आजही मला भरून येतं. बंदी न घालताही कल्पकतेला वाट सापडते, हे त्या खारीनं दाखवून दिलं.

पण ती स्पर्धा जोडीची असते. मैदानात एका वेळी दोन-दोन गडी. तिथं वार झेलायला सोबती असतो आणि एकट्या आईवर दोघांना तुटून पडता येतं. भाच्याची मुलं एकास एक खेळतात. इथं खार उभी केली तर ती वाचवणार कुणाला? शिवाय पुढच्याच वर्षी बॉस्टनला जगज्जेत्याच्या संघात कँगासखान होतीच.

एकास एक खेळणाऱ्यांची नियमावली सांभाळतो तो २००४ पासूनचा ‘स्मॉगन’ हा खेळाडूंचाच समूह. तिथं तिला मुख्य खेळातून काढलं गेलं, पण कसं ते बघण्यासारखं आहे. बंदी आली ती तिला मेगा करणाऱ्या दगडावर. साधी कँगासखान, बाळ पिशवीत घेऊन, खुशाल खेळू शकते. मला आमची गल्ली आठवली. लहानग्याला आम्ही कच्चा लिंबू करायचो, आणि दर चेंडू गच्चीवर भिरकावणाऱ्या दादाला डाव्या हातानं बॅटिंग द्यायचो. दादाला घरी कुणी पाठवलं नाही. त्याच्याशिवाय खेळात मजाच नव्हती.

अशी बंदी कायमची असावी असंही नाही. चौथ्या पिढीत गार्चॉम्पला बाहेर काढलं होतं. पुढे तो परत आला आणि आज कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. आणि निर्णय घ्यायचा तर हरल्याच्या रागात घेऊ नये. स्मॉगनमध्ये संशयित गड्याची चाचणी लागते, तेव्हा आधी खेळून ठरावीक रेटिंग गाठावं लागतं, मगच मत देता येतं. बंदीला साठ टक्के मतं लागतात. नुसत्या एका मतानं पारडं फिरू नये, म्हणून.

भाच्याला मी निकाल दिला नाही, रीत सांगितली. प्रत्येकानं तीन मॅच तिच्याविरुद्ध खेळायच्या, तीन तिला घेऊन, मग मत. तिला घेऊन तो पहिली मॅच खेळला तेव्हा मी शेजारीच होतो. चार मिनिटांत जिंकला. लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मामा, मी एकच बटण दाबत होतो रे."

बुधवारी मतदान झालं. आठपैकी पाच मतं दगडावर बंदी घालावी अशी पडली, साठ टक्क्यांच्या जेमतेम वर. विरुद्ध मत देणाऱ्या त्या मित्रानं काल पहिल्याच मॅचमध्ये साधी कँगासखान उतरवली. ती चौथ्या टर्नला पडली. मग दोघं अर्धा तास तिच्या जागी कोण आणायचं यावर वाद घालत बसले, आणि त्या अर्ध्या तासात मी सतरा नावं मोजली.