आज रात्रीच कडी लावा

तुमच्या शाळेची, वधू-वर मंडळाची, आंब्याच्या धंद्याची वेबसाइट आहे ना? आत्ता कॉम्प्युटरवर क्रोममध्ये उघडा. पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ दिसतंय? क्रोम २०१८ च्या जुलैपासून हा इशारा देतंय. कृपा करून आज तो वाचा.

एक बाप तुमच्या मंडळाच्या पानावर लेकीची माहिती भरतोय. जन्मवेळ, पगार, फोन, घरचा पत्ता. साइटला सुरक्षा प्रमाणपत्र नसेल, तर हे सारं चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवल्यासारखं उघडं जातं. तो एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवर असेल, तर शेजारच्या बाकावरचा भामटाही ते टिपून घेऊ शकतो. त्या बापानं तुमच्या भरवशावर माहिती दिलीय.

हे तुम्ही थांबवू शकता. पैसा लागत नाही. लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या डिसेंबरपासून सर्वांना फुकट प्रमाणपत्रं देतेय. शेअर्ड होस्टिंग आहे म्हणून अडू नका. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असल्या, तरी प्रत्येकीला आपलं प्रमाणपत्र मिळतं. होस्टिंगचं नियंत्रण-पान, म्हणजे सीपॅनल, उघडा. ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’वर जा. ‘रन ऑटोएसएसएल’ दाबा. बटण सापडत नाही? होस्टिंगवाल्याला फोन करा, फुकटचं प्रमाणपत्र चालू करून मागा. नाहीच म्हणाला, तर साइट दुसरीकडे हलवा.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. जुना ‘एचटीटीपी’ पत्ता उघडाच राहिला, तर लोक त्याच दारानं येत राहतील. ही प्रमाणपत्रं बहुधा ९० दिवसांची असतात. नूतनीकरण आपोआप होतं, पण डोमेन दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं की अडतं. मुदत संपत आल्याची ईमेलही लेट्स एनक्रिप्ट २०२५ च्या जूनपासून पाठवत नाही. मुदत अशी नकळत संपली, तर ऐन निकालाच्या दिवशी पालकांसमोर शाळेऐवजी धोक्याचं पान उघडेल.

म्हणून सीपॅनलमध्ये ‘फोर्स एचटीटीपीएस रिडायरेक्ट’ चालू करा. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. दर महिन्याला एकदा बघा. जमत नसेल, तर घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा.

उद्यावर टाकू नका. उद्या सकाळी आणखी एक बाप तो फॉर्म उघडेल. त्याआधी, आज रात्री जेवणं झाली की, एवढं काम उरका.