कोठून मोजले?

सहलीच्या गाडीत गाण्यांच्या भेंड्या संपल्या की कोड्यांना प्रारंभ होतो. यंदा बेळगावहून कोल्हापूरला जाताना गुरुजींनी आम्हांस एक जुने कोडे घातले. एक मोटार सारख्या वेगाने चालली आहे. रस्त्याकडेच्या दगडांवर, मागे राहिलेल्या शहरापासूनचे अंतर मैलांत कोरलेले आहे. प्रवाशाने प्रथम पाहिलेल्या दगडावर दोन अंकी संख्या होती. बरोबर एका तासाने आलेल्या दगडावर तेच अंक उलट क्रमाने होते. आणखी एका तासाने आलेल्या दगडावर तेच दोन अंक होते, पण त्यांच्या मध्ये शून्य होते. तर त्या तीन संख्या कोणत्या?

प्रश्न संपतो न संपतो तोच मागील बाकावरून उत्तर आले, "सोळा, एकसष्ट, एकशे सहा!" ते त्याला पाठ होते. टाळ्या झाल्या. इतक्यात दुसऱ्या एकाने भीत भीत विचारले, "पण याहून निराळे उत्तर नसेलच कशावरून?" त्याला सर्वांनी मिळून गप्प बसविले. उत्तर मिळाले ना, मग आता शंका कशाला, असा एकंदर सूर होता. त्या गलक्यात आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. आज मात्र आमचे मत असे आहे की, त्या दिवशी गाडीतला खरा गणिती तो शंका विचारणाराच होता. आणि त्याची बाजू मांडावी म्हणूनच हा लेखनप्रपंच.

त्याच्या शंकेचे उत्तर बीजगणिताचे एकही समीकरण न मांडता देता येते. दोन अंकी दोन संख्यांतील फरक ९० हून कमीच असतो. म्हणजे मोटार तासाला ९० मैलांहून कमी चालली. दुसरी संख्या १०० च्या आतली, तेव्हा तिसरी १९० च्या आतली. ती तीन अंकी आहे. म्हणून तिचा पहिला अंक १ च असला पाहिजे. दोहोंपैकी एक अंक असा सापडला. हा १ पहिल्या दगडावर दशकस्थानी असणार. कारण तो एककस्थानी असता तर अंक उलटल्यावर संख्या वाढली नसती. म्हणजे पहिल्या दगडावर दहा आणि वर काही, तर तिसऱ्यावर शंभर आणि वर तेच काही. ते 'काही' कितीही असो, दोहोंतील अंतर ९० मैलच भरते. दोन तासांत ९०, म्हणून एका तासात ४५. आता पहिल्या संख्येत ४५ मिळविल्यावर एककस्थानी १ यावयाचा, तर तेथे आधी ६ च हवा. १६, ६१, १०६. दुसरे उत्तर संभवतच नाही! पाठ केलेले उत्तर आणि हे उत्तर, दोन्ही अक्षरशः एकच. पण पहिले उसने आणलेले, दुसरे स्वकष्टार्जित.

येथे कोणी म्हणेल, शंका फिटली, आता तरी पुरे करा. परंतु आमच्या मते खरी मौज येथूनच पुढे आहे. हे कोडे कशाच्या आधारावर उभे आहे? मोटारीचा वेग सारखा आहे आणि तिन्ही दगड एकाच शहरापासून मोजतात, या दोन गोष्टींवर. अंतर दुसऱ्याच एखाद्या गावापासून मोजले असते, तर रस्ता तोच, मोटार तीच, पण दगडांवरचे आकडे निराळे. आणि मग अंकांची ती अदलाबदल कोठली दिसायला?

मापे बदलली तर काय होईल, तेही पाहू. आपल्या देशात १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापे क्रमाक्रमाने व्यवहारात आली. मैल गेले, किलोमीटर आले. एक मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर. तेव्हा आपले तीन दगड सुमारे २५.७, ९८.२ आणि १७०.६ किलोमीटरवर येतील. दगडावर अपूर्णांक कोरण्याची चाल नाही. जवळचा पूर्णांक घातला तर आकडे होतील २६, ९८ आणि १७१. अंक उलटण्याची गंमत तर गेलीच. शिवाय पहिल्या तासात ७२ आणि दुसऱ्या तासात ७३ किलोमीटर झाले, असे दिसेल. केवळ दगड वाचणारा मनुष्य बिचाऱ्या चालकावर वेग वाढविल्याचा आरोप करील! मोटार मात्र एकाच चालीने चाललेली. दगड खोटा नव्हता, चालकही दोषी नव्हता. दगड किती बारकाईने सांगतो, हे आरोप करणाऱ्याने विचारले नव्हते, इतकेच.

त्याच प्रवासात आम्हांस याचा प्रत्यय आला. एका फलकावर कोल्हापूरचे जे अंतर लिहिले होते, तेच थोडे पुढे दुसऱ्या फलकावर दिसले. "रंगाऱ्याला डुलकी लागली असेल," म्हणून सारी गाडी हसली. परंतु किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या दोन फलकांवर पूर्णांकाच्या लेखनामुळे एकच संख्या येऊ शकते. एकाने शहराच्या वेशीपर्यंतचे अंतर धरले असेल, दुसऱ्याने मध्यवस्तीपर्यंतचे. मध्यंतरी बाह्यवळण रस्ता होऊन जुना हिशेब बदललेलाही असेल. अर्थात चूकही असू शकेल. फलक लिहिणारी माणसेच आहेत. पण चूक हा शेवटचा निष्कर्ष असावा, पहिला नव्हे.

ही सवय रस्त्यापुरतीच उपयोगाची आहे, असे आम्हांस वाटत नाही. वर्गात दोघांची गोष्टी जुळत नाहीत, घरात आजोबांचे आणि वडिलांचे म्हणणे पटत नाही, तेव्हा आपण लगेच एकाला खोटा ठरवून मोकळे होतो. दोघेही खरे बोलत असतील, पण मोजण्यास प्रारंभ निरनिराळ्या ठिकाणांहून करीत असतील, हा विचार मनात येतच नाही. भांडणापूर्वी "आपण कोठून मोजता?" एवढे विचारले, तर किती भांडणे जागच्या जागी मिटतील!

कोडी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, परीक्षेत त्यांना गुण किती, असे म्हणणाऱ्यांस आम्ही भास्कराचार्यांकडे बोट दाखवू. सन ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त त्यांनी अंकगणित शिकविले ते भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या कोड्यांतून. त्यांतील एक असे : नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येत असता मोराने त्याच्यावर तिरपी झडप घातली. तर बिळापासून किती हातांवर दोघांची गाठ पडली? येथे आचार्य एक अट घालावयास विसरले नाहीत : दोघांनी तोडलेले अंतर सारखे. कोडे घालणाऱ्याचा प्रामाणिकपणा तो हाच. आपण काय गृहीत धरले आहे, हे तो लपवून ठेवीत नाही.

पुढच्या सहलीत उत्तर देणाऱ्यास टाळ्या अवश्य मिळोत, परंतु "कशावरून?" असे विचारणाऱ्यासही घटकाभर शांतता मिळावी, एवढीच आमची विनंती आहे. मोराचे उत्तर आम्ही येथे मुद्दामच देत नाही. विद्यार्थिबंधूंनी व भगिनींनी ते स्वतः काढावे आणि तेवढे एकच उत्तर का, हेही दोन ओळींत लिहून पाहावे.