आधी वाचा, मग हात लावा



उसाचे पान पिवळे पडले की काहीजण सरळ युरियाचे पोते फोडतात. केवडा पडलेला असतो लोहाच्या कमतरतेने, त्याला हवा असतो हिराकस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! घरच्या संगणकावर ई-मेल अडला की आपण नेमके हेच करतो. हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. चूक माझ्याच हातून झाली आहे.

लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदांच्या घरी चहाला थांबलो. "साहेब, आठ दिवस झाले, पोराची पत्रं येईनात. बघा जरा," ते म्हणाले. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. खाते काढून पुन्हा जोडू म्हणालो, आणि काढताना साठवलेली पत्रेही काढा, या चौकटीत खूण केली. अडचण तशीच राहिली, पण मुलगा परदेशी गेल्यापासूनची सहा वर्षांची पत्रे गेली. नातीचा पहिला फोटोही त्यातच होता. मुलाने त्याच्याकडची काही परत पाठवली, सगळी मिळाली नाहीत.

नंतर त्या चार ओळी वाचल्या. प्रमाणपत्राची तक्रार होती. संगणकाच्या आतला रुपयाएवढा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की तारीख कैक वर्षे मागे जाई. पत्रे देणारा सर्व्हर आपली ओळख म्हणून मुदतीचे प्रमाणपत्र दाखवतो. संगणकाच्या तारखेप्रमाणे ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून तो दार उघडीना. तारीख दुरुस्त केली, सेल बदलला, पत्रे सुरू झाली. एवढ्यासाठी मी सहा वर्षे पुसली होती!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, संदेश वाचल्याशिवाय काहीही काढू नये. पाणी टोकाला पोचले नाही तर आपण आधी पाट कुठे फुटला ते बघतो, विहीर बुजवत नाही.

पहिल्यांदा तीच पेटी ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे नवी पत्रे दिसत असतील तर खाते ठीक आहे, दोष घरच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मग तारीख-वेळ बघा. त्यानंतर येणे बंद आहे की जाणे, ते ठरवा, कारण दोन्हींचे पाट वेगळे. पत्र येते आयमॅप किंवा पॉपने, जाते एसएमटीपीने. आयमॅपचा सुरक्षित पोर्ट 993, पॉपचा 995, आणि पाठवण्याचा 465 किंवा 587. यातला एक आकडा चुकला तरी काम अडते. आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवर राहते. पॉपमध्ये मात्र, तशी खूण केलेली नसेल तर, पत्र घरी येते आणि तिथून पुसले जाते. त्या घरी पॉप होते.

पासवर्ड बरोबर असून नाकारला जातो, ही तक्रार जुन्या प्रोग्रॅमवर फार. जीमेलने 2022 पासून घरगुती खात्यांना नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅममधून आत सोडणे बंद केले. आउटलुक डॉट कॉमनेही सप्टेंबर 2024 मध्ये तेच केले. किल्ली तीच, कुलूप बदलले. अशा वेळी दहादा पासवर्ड मारून उपयोग नाही. नवा प्रोग्रॅम घेऊन कंपनीच्या पानावरून आत जावे लागते. जीमेलला दुहेरी पडताळणी चालू असेल तर 16 अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्डही काढता येतो.

परत आलेल्या पत्रावर तीन आकडे असतात. पहिला 4 असेल तर अडचण तात्पुरती, थांबा. 5 असेल तर पुन्हा तसेच पाठवून भागणार नाही. 550 ला बहुतेकदा पत्ताच चुकलेला असतो, 552 ला पत्र जड किंवा पेटी भरलेली. जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून 25 एमबीची मर्यादा असली तरी 20 एमबीचे फोटो अडकतात.

काहीजण म्हणतील, मोबाइल आहे की! आहे. पण जुनी पत्रे घरच्या संगणकातच राहिली, त्यांचे काय? त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आजच काढून ठेवा. आणि दुकानदार असो, भाचा असो, पासवर्ड कुणाला सांगू नका. मलाही नको. बँकेचे संदेशही त्याच पेटीत येतात.

पुढच्या गट सभेला येताना पडद्यावरचा संदेश वहीत जसाच्या तसा उतरवून आणा. मी वाचून अर्थ सांगेन. संगणकाला हात मात्र तुमचाच लागू द्या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग